चालतं-बोलतं

मराठीत हातपाय बधिर होतात. हिंदीत ‘बधिर’ म्हणजे ज्याला ऐकू येत नाही असा माणूस. उलट हिंदीत पाय ‘सुन्न’ होतो, आणि मराठीत माणूस सुन्न होतो, एखादी वाईट बातमी ऐकल्यावर. गेली वीस वर्षं मी या दोन भाषांत अनुवादक म्हणून ये-जा करते, त्यामुळे दिसायला सारखे आणि अर्थानं वेगळे असे शब्द मला पाठ आहेत. माझ्या ७२ वर्षांच्या आईला ते पाठ असायचं काही कारण नव्हतं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती आमच्या वस्तीतल्या डॉक्टरांना आपल्या हिंदीत म्हणाली, “डॉक्टरसाहब, मेरे पाँव बधिर हो गए हैं और चलते समय तोल जाता है.” डॉक्टरांनी जरा आवाज चढवून विचारलं, ऐकू कधीपासून कमी येतं? आणि वजन किती घटलं? हिंदीत ‘तौल’ म्हणजे वजन.

मी मध्ये पडले. बधिर म्हणजे सुन्न, तोल म्हणजे संतुलन, मुंग्या म्हणजे झुनझुनी. डॉक्टर हसले, आईही हसली. मग त्यांनी पायाकडे एकदा पाहिलं, बी-ट्वेल्वच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “उम्र का तक़ाज़ा है, अम्माजी.” या वाक्याचा अनुवाद मला करावा लागला नाही. ‘वय झालं’ हे आईला कुठल्याही भाषेत कळतं.

तेलीबाग हा लखनौच्या दक्षिणेचा, रायबरेली रस्त्यावरचा भाग. एका बाजूला छावणी, दुसऱ्या बाजूला नव्या वसाहती, आणि याच रस्त्यानं पुढे गेलं की संजय गांधी आयुर्विज्ञान संस्था. तिला इथे सगळे नुसतं ‘पीजीआय’ म्हणतात. पूर्वांचलातून, बिहारमधून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या रस्त्यावर रोज दिसतात: काखेत एक्स-रेची पाकिटं, हातात फाइल, ई-रिक्षात आडवी धरलेली कुबडी. बाबा गेल्यावर आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली तेव्हा ही माणसं पाहून ती हळहळायची. सकाळी ती कालव्याच्या कडेनं फिरायला जायची. शेजारच्या बायकांनी तिला ‘अम्माजी’ करून टाकलं होतं. पुण्यात सिंहगड रस्त्याला तिची एक लहानशी जागा आहे, दोन खोल्यांची. उन्हाळ्यात तिथे आणि थंडी सोडून उरलेलं वर्ष इथे, असं तिचं गणित ठरलं होतं.

त्या वर्षी ते गणित विसकटलं, आणि इतक्या हळू की विसकटणं डोळ्यांत भरेना. आधी पावलांची बोटं बधिर झाली. मग ती म्हणाली, गादीवर चालल्यासारखं वाटतं. मग एकदा स्वयंपाकघरातून बाहेर आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी उंबऱ्याशी निसटली होती आणि तिला कळलंच नव्हतं. नवरात्रात आरतीला उभी राहिली, नेहमीसारखे डोळे मिटले आणि झुलली. तेव्हापासून ती देव्हाऱ्याची कड धरून आरती म्हणू लागली. तोंड धुताना डोळ्यांवर पाणी मारलं की भिंतीला हात लावायची. दिवाळीत रांगोळी काढायला खाली बसली, ती दोघांनी धरून उठवावी लागली. डिसेंबरात, लखनौच्या धुक्यात, ऊन खायला सगळी गल्ली गच्चीवर जमते. आईला जिना चढता येईना म्हणून आम्ही तिची खुर्ची दारात मांडली.

यातल्या प्रत्येक गोष्टीला आजूबाजूला उत्तर तयार होतं. गुडघे झिजले असतील. कमरेत नस दबली असेल. साखर काठावर आहे ना, मग तेच. थंडी आहे. शेजारच्या काकी रोज सकाळी गुळवेलीचा काढा आणून द्यायच्या, इम्युनिटी वाढते म्हणून. यातलं काही हास्यास्पद नव्हतं. उतारवयात चालणं बिघडायची खरोखर पुष्कळ कारणं असतात: मधुमेह, बी-ट्वेल्वची कमतरता, मणक्यातली अरुंद झालेली जागा, पार्किन्सन. पण ‘वय’ हे त्या यादीतलं एक कारण नाही. ‘वय’ म्हणजे यादी तपासायचं सोडून देणं.

हे मला लखनौतच फार जाणवलं, त्याचं कारण पोलिओ. उत्तर प्रदेश हा भारतातल्या पोलिओच्या लढाईचा सगळ्यात अवघड टापू होता. देशातला शेवटचा नैसर्गिक विषाणूचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. हे साधलं त्यात लशीबरोबर एका साध्या नियमाचाही वाटा होता. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, तर कारण काहीही वाटो, त्याची नोंद करायची आणि शौचाचे दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. पोलिओ ओसरल्यावर त्या नोंदींमधून दुसरेच आजार पुढे आले, आणि त्यांत ठळक होता गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. मुलाचा पाय लुळा पडला की यंत्रणा जागी होते. आजीचा पाय तीन महिने घेऊन लुळा पडला, तर घरात काठी येते.

पायातली ताकद कशी जाते ते समजून घ्यायला मला आधी ‘नस’ या शब्दातून बाहेर पडावं लागलं. बोलीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, स्नायूच्या दोरीलाही आणि चेतातंतूलाही. चेतातंतू म्हणजे मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याकडून स्नायूंकडे निरोप नेणारी आणि त्वचेकडून, सांध्यांकडून निरोप आणणारी तार. तिच्यावर मायलिन नावाचं मेदाचं वेष्टन असतं. हे वेष्टन सलग नसतं. ठरावीक अंतरावर बारीक फटी असतात, ज्या एकोणिसाव्या शतकात रांव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवल्या. निरोप या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो, म्हणून तो पायाच्या तारेतूनही सेकंदाला चाळीस मीटरहून अधिक वेगानं धावतो. वेष्टन गेलं की निरोप रखडतो, कधी वाटेतच थांबतो. पाय सुदृढ असतो, मेंदूही सुदृढ असतो; मधला निरोप्या पोचत नाही.

हे वेष्टन उतरवतं कोण? पुष्कळदा आपलीच प्रतिकारशक्ती. काही जंतूंच्या कवचावरचे रेणू चेतातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग तंतूंवरही चालून जातात. हा प्रकार कँपिलोबॅक्टर जेजुनी या जुलाबाच्या जंतूबाबत सगळ्यात नीट समजला आहे. २०२५ च्या जानेवारीत हे नाव एकाएकी मराठी घराघरांत पोचलं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर मिळाला, काहींत नोरोव्हायरस. पाण्याचे नमुने, विहिरी, टँकर, खासगी आरओ केंद्रं यांची तपासणी सुरू झाली. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि काही माणसं दगावली. वर्तमानपत्रांत आजाराचं नाव रोज वेगळ्या वेशात यायचं: गुलेन बॅरी, गुइलेन बॅरे, गुलियन बारे. शेवटी सगळ्यांनी ‘जीबीएस’वर समेट केला.

धायरीहून मावशीचा फोन आला. ती पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून पीत होती. आईच्या जागेच्या शेजाऱ्यांकडेही तेच चालू होतं. मावशी बातमीतली लक्षणं वाचत होती: पायात मुंग्या, कमजोरी, खालून वर चढत जाणारी. मध्येच थांबून म्हणाली, “अगं, हे तर ताईचंच.” आई फोनच्या स्पीकरवर ऐकत होती. ती म्हणाली, “मी तर वर्षभरात पुण्याचं पाणी प्यायलेली नाही.”

दोघींचंही बरोबर होतं. हे मला चार दिवसांनी मेंदुविकारतज्ज्ञांकडे बसल्यावर कळलं. त्यांनी चित्रं मागवण्याआधी आईला प्रश्न विचारले. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का? केस विंचरताना हात भरून येतो का? डब्याचं झाकण उघडतं का? अंधारात जास्त त्रास होतो का? मग मुख्य प्रश्न आला: कधीपासून? आईला तारखा येत नाहीत, सण येतात. गौरी जेवल्या तेव्हा मी खाली बसून वाढलं, पितृपक्षात बोटं बधिर झाली, नवरात्रात डोळे मिटता येईनात, दिवाळीत उठता येईना, संक्रांतीला हातातून लाडू पडायला लागले. मी कॅलेंडर उघडून सणांचे आठवडे केले. पितृपक्षापासून अठरा आठवडे. डॉक्टरांनी तो आकडा कागदावर लिहून त्याखाली रेघ ओढली.

ती रेघ का, हे त्यांनी सांगितलं. जीबीएस घाईचा आजार आहे. तो बहुधा दोन आठवड्यांत, फार तर चार आठवड्यांत टोकाला पोचतो. दर चार-पाच रुग्णांतल्या एकाला श्वासासाठी यंत्र लागतं. तरीही बहुतेक जण पुढे सुधारतात. वयाबरोबर त्याचा धोका वाढतो आणि म्हाताऱ्या माणसांना भरून यायला वेळ लागतो. त्याचाच एक सावकाश भाऊबंद आहे, सीआयडीपी. तोही वेष्टनावरच घाला घालतो, पण आठ आठवडे किंवा त्याहून जास्त काळ वाढतच राहतो, किंवा बरा होतो आणि परततो. त्याच्या मागे नेमका जंतू बहुधा सापडत नाही. मावशीला लक्षणं ओळखीची वाटली ती कुळ एक असल्यामुळे, आणि पुण्याच्या पाण्याचा संबंध नव्हता तो आजार दुसरा असल्यामुळे. दोहोंमधला एक मोठा फरक काळाचा. काळ हे असं लक्षण आहे की ते कुठल्याही यंत्रात दिसत नाही, रुग्णाच्या तोंडूनच यावं लागतं.

बाकीची तपासणी जुन्या पद्धतीची होती, आणि मला ती फार आवडली. रबरी हातोडीनं गुडघ्याखाली टिचकी. पाय उडला नाही. घोट्याला, कोपराला, काहीच नाही. कंप पावणारा धातूचा चिमटा अंगठ्यावर ठेवला, आई म्हणाली, “काय ठेवलंय?” मग पावलं जुळवून डोळे मिटायला सांगितलं. ती झुलली आणि तिला धरलं. ही चाचणी रोंबर्ग या जर्मन वैद्याच्या नावानं ओळखली जाते. डोळे उघडे असताना नजर तोल सावरते. डोळे मिटले की पायांनी स्वतःची जागा कळवायची असते, आणि पाय गप्प असतील तर माणूस झुलतो. नवरात्रापासून देव्हाऱ्यापुढे आई रोज ही चाचणी देत होती.

मग तारांमधला वेग मोजला. तो अर्ध्याहून कमी भरला. कंबरेतून पाणी काढलं. त्यात प्रथिनं वाढलेली, पेशी मात्र नेहमीइतक्या. नेमकी हीच जोडी १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांमध्ये नोंदवली होती. तिसऱ्याचं नाव पुढे गळून गेलं. अनुवादकांना हा अनुभव ओळखीचा आहे.

संध्याकाळी आईनं विचारलं, आजाराचं मराठीत नाव काय? मी शब्द शब्द लावून सांगितलं: दीर्घकालीन, दाहक, मायलिन उतरवणारा, अनेक चेतातंतूंचा विकार. ती म्हणाली, “दाह? पण जळजळ तर अजिबात होत नाही.” मग मी परिभाषा सोडली. म्हटलं, तुझ्या अंगातली राखणदार मंडळी तुझ्याच तारा सोलतायत. ते तिला लगेच पटलं. “मग तो काढा बंद करू या,” ती म्हणाली. “राखणदारांना आणखी खायला कशाला घालायचं?” दुसऱ्या दिवशी काकींना हे मी जमेल तितक्या गोड हिंदीत समजावलं.

उपचारांचे तीन रस्ते डॉक्टरांनी समोर ठेवले. स्टेरॉइडच्या गोळ्या: स्वस्त, सीआयडीपीत परिणामकारक; जीबीएसमध्ये मात्र त्यांचा फायदा होत नाही, म्हणून नाव बरोबर असणं महत्त्वाचं. पण आईची साखर काठावर आणि हाडं ठिसूळ. दुसरा, रक्तातला द्रव यंत्रानं बदलायचा. तिसरा, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन. ते हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून एकत्र केलेल्या प्रतिपिंडांपासून बनतं, आणि बहकलेल्या प्रतिकाराला आवर घालतं. मात्रा वजनावर असते, किलोमागे दोन ग्रॅम. आईचं वजन पन्नास किलो. शंभर ग्रॅम, पाच दिवसांत, रोज पाच ग्रॅमच्या चार बाटल्या. हिशेब लाखांत जात होता.

त्या रात्री आईनं शांतपणे सांगितलं, “पुण्याची जागा विकून टाका. नाहीतरी आता कोण जातंय तिथे चालत?” माझ्यासाठी या आजारातला सगळ्यात कठीण क्षण तो होता. चालता यावं यासाठी औषध घ्यायचं आणि त्या औषधासाठी जिथे चालत जायचं ती जागाच विकायची. नाशिकच्या दादाला फोन लावला. तो म्हणाला, “आईला सांग, जागा तिची आहे, आजार आपल्या तिघांचा आहे.” पहिल्या पाच दिवसांचा खर्च आम्ही वाटून घेतला. त्यानंतरचं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, असं ठरलं.

दहाव्या दिवशी आईनं पायाचा अंगठा वर उचलला. तिसऱ्या आठवड्यात ती खुर्चीतून उठली, हात टेकून का होईना. सहाव्या आठवड्यात चप्पल पुन्हा निसटायला लागली. शरीरात सोडलेली ही प्रतिपिंडं कायमची राहत नाहीत; साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात. आई निराश झाली. डॉक्टर मात्र म्हणाले की औषधानं पाय सुधारले आणि उतरल्यावर घसरले, म्हणजे आपलं निदान बरोबर आहे. मग मोजून-मापून स्टेरॉइड, साखरेची आणि हाडांची राखण, पुढे स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून दुसरी गोळी, आणि रोज सकाळी व्यायाम: टाचांवर उभं राहणं, भिंतीशी पावलांपुढे पावलं टाकणं. जागा विकावी लागली नाही.

सगळं परत आलेलं नाही. वेष्टन पुन्हा चढू शकतं, पण उशीर झाला की आतली तारही झिजते, आणि ती सहसा पूर्ववत होत नाही. आईची बोटं अजून बधिर आहेत. अंधारात ती दिवा लावल्याशिवाय उठत नाही. अठराऐवजी आठ आठवड्यांत इथवर पोचलो असतो तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण मला एवढं सांगता येतं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला “कसं वाटतंय?” विचारलं तर “बरंय” असं उत्तर येतं, आणि “गेल्या सणाला काय करता येत होतं जे आता येत नाही?” असं विचारलं तर आजाराचा इतिहास मिळतो. दोन्ही पाय, वाढत जाणारी कमजोरी, बधिरपणा, डोळे मिटल्यावर झुलणं, हे दिसलं तर वयाला दोष देण्याआधी कुणीतरी हातोडी घेऊन गुडघा तपासायला हवा.

मराठीत म्हातारी माणसं देवाकडे एक मागणं मागतात: चालतं-बोलतं असताना ने. ही दोन क्रियापदं एकत्र का येतात याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. आईच्या बाबतीत बोलणं शेवटपर्यंत शाबूत होतं. ते ऐकून त्याचा अर्थ लावणारं कुणीतरी भेटलं तेव्हा चालणं थोडं परत आलं. तिचं मागणंही बदललंय. न्यायचं तेव्हा ने, म्हणते, आधी पुण्याला जाऊन येऊ दे. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय, खालचा बर्थ मिळालाय. चारबागच्या फलाटावर चाकाची खुर्ची नको, काठी पुरे, असा तिचा हट्ट आहे. मी फलाटाची लांबी सांगते, ती दर पन्नास पावलांवर बसेन म्हणते. वाटाघाटी अजून चालू आहेत.